ॲरिझोनावर टाकलेला रुमाल

पमी गेल्याची बातमी मला ॲरिझोनाहून कळली. हॉस्पिटल आमच्या घरापासून बसनं जायच्या अंतरावर, आदल्या दुपारी मी तिच्या उशाशी बसून आलेले. पण जवळचा नातेवाईक म्हणून नाव अजितचं, तिच्या मुलाचं. त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टरनं फोन लावला तो थेट अमेरिकेत. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. मग अजितनं तिथून मला लंडनजवळ स्टॅनमोरला फोन केला. मी चहाचं आधण ठेवलं होतं. "मंदामावशी..." एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. बातमीसुद्धा ॲरिझोनाला जाऊन परत आली. जिला जायचं होतं ती मात्र इथेच राहिली, ओल्या खिडकीच्या या बाजूला.

पमी म्हणजे प्रमिला. आमची ओळख एडिनबराची, सत्तरच्या दशकातली. आम्हा दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, राहायला हॉस्पिटलच्याच क्वार्टर्स, दारं समोरासमोर. ती सोलापूरची आणि मी पुण्याची. हे सांगितलं की मराठी वाचकाला पुढचं बरंचसं सांगावं लागत नाही. त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. इंग्लिश घेऊन बी.ए. केलेलं, त्यामुळे ब्रिटन हा देश मला विचारूनच वसवला असावा असा माझा समज. खिडकीत उभी राहून धुक्याकडे बघत 'हाऊ रोमँटिक' म्हणायचे आणि त्याच धुक्यातून ओले पाय घेऊन परत आले की पलंगावर बसून मुळूमुळू रडायचे. पाय ओले होणारच! मोज्यांना अंगठ्यापाशी चिमटा काढून त्यात मी कोल्हापुरी चपलेचा पट्टा अडकवायचे. बर्फात. पमीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जिन्यातच खाली बसली हसत. "अगं, बदकसुद्धा तुझ्यापेक्षा बरं दिसेल," म्हणाली. आमची मैत्री तिथे झाली.

चैत्र आला तशी ती अस्वस्थ झाली. सोलापुरात या दिवसांत गच्च्या वाळवणानं भरतात, आणि इथे एप्रिलात बर्फ. तरी तिनं गहू भिजवले, चीक काढला, माहेराहून आणलेल्या पितळी सोऱ्यातून कुरडया पाडल्या आणि त्या एअरिंग कबर्डमध्ये वाळत ठेवल्या. इथल्या घरांतून गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, धुतलेल्या चादरी-टॉवेल उबेला ठेवायला. आमच्या क्वार्टर्सना मिळून ते एकच होतं. दुसऱ्या दिवशी हाउसकीपर बाईंनी दार उघडलं आणि किंचाळल्या. हॉस्पिटलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर ओळीनं घरटी! पक्षी आत शिरले म्हणून त्या माणूस बोलवायला निघाल्या, तेव्हा मी, इंग्लिश बी.ए., पुढे सरसावले. कुरडईला इंग्रजीत काय म्हणतात हे विद्यापीठानं शिकवलं नव्हतं. शेवटी मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "इट इज अ रिलिजस थिंग." बाईंनी दार अगदी हळू लावलं. त्यानंतर तो आठवडा त्या कपाटासमोरून सगळे आवाज न करता जात होते.

कुरडया मात्र फसल्या. पमीनं एक उचलली, कानापाशी धरली आणि मोडली. मोडली कसली, वाकली. "आवाज नाही," ती म्हणाली. "हिला ऊन नाही लागलं गं, नुसती ऊब लागली. उबेवर माणूस जगतो, वाळवण होत नाही." मला तेव्हा ते वाक्य फार गमतीचं वाटलं होतं.

पुढे दोघांच्याही नोकऱ्या लंडनकडे आल्या आणि दोन गल्ल्यांच्या अंतरानं आम्ही स्टॅनमोरला घरं घेतली. मुलं मोठी झाली. मी ब्रिटिश होण्याचं काम नेटानं चालू ठेवलं होतं. दर वाक्याला 'लव्हली' म्हणायचे, अगदी प्लंबरनं बॉयलर फुटल्याचं सांगितलं तरी. पन्नाशीच्या आसपास पमीची बोटं सुजायला लागली. आधी अंगठी निघेना, मग बरणीचं झाकण फिरेना, मग सोऱ्याचा दांडा. संधिवात, तोही सांध्यांवर थांबणारा नव्हे. औषधं होती, कन्सल्टंट चांगले होते, पण नोव्हेंबरात ओल उतरली की तिचे हात झाडाच्या मुळांसारखे व्हायचे. सकाळी ती कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची, बोटं उघडेपर्यंत. मी गेले की म्हणायची, "ये, माझं दुकान अजून उघडलेलं नाही."

दोन हजार सालानंतर आमच्या मंडळात अमेरिकेचं वारं शिरलं. ज्याच्या त्याच्या तोंडी राज्यं. कुणी टेक्सासचं मोठं घर आणि तिथे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही म्हणून सांगायचा, कुणी कॅलिफोर्नियाची हवा, कुणी न्यू जर्सीतली देवळं आणि ताजा कढीपत्ता. पमीचे यजमान माधवराव नुकतेच रिटायर झाले होते, अजित नोकरीसाठी तिकडे गेलेला. दोघं दर वर्षी जाऊ लागली. लोक गेले की थीम पार्कं, दऱ्या, धबधबे बघतात. पमी ऊन बघायची. जिथे उतरेल त्या घरी साबुदाण्याचा घाटा शिजवायचा, मागच्या अंगणात प्लास्टिक अंथरायचं आणि दहा-बारा पापड्या घालून बसायचं. यजमानीणबाई नातवंडांची तिकिटं काढताहेत आणि पाहुणी कावळे हाकलतेय! परत आली की मी विचारायचे, "काय गं, काय बघितलंस?" आणि ती मला राज्याचा निकाल द्यायची.

फ्लोरिडा नापास. सकाळी लख्ख ऊन, समुद्र, अर्धं ब्रिटन तिथे लाल होऊन पडलेलं, पण दुपार झाली की आभाळ फुटायचं. "परत येऊन बघते तर पापड्यांची खीर," म्हणाली. न्यू जर्सीत माणसं होती, दुकानं होती, गणपती होता, "पण ते म्हणजे स्टॅनमोरच गं, फक्त गाडी उजवीकडून." कॅलिफोर्नियात पापडी वाळली, छान वाळली, पण घरांच्या किमती अशा की अजितला परवडेल ते अंगण पोस्टाच्या पाकिटाएवढं. टेक्सासात ऊन भरपूर, अंगण भरपूर, पण वसाहतीच्या सेक्रेटरीबाई अतिशय गोड हसत सांगून गेल्या, की बाहेरून दिसेल असं काही वाळत घालणं नियमात बसत नाही. "एवढं मोठं राज्य, आणि माझ्या चार पापड्यांना जागा नाही!" हे सांगताना ती खरोखर दुखावली होती.

मी तिची टर उडवायचे. साठीला टेकले तरी माझा ताठा तसाच. "लोक हवा-पाणी, कॉलेजं, हॉस्पिटलं बघून राज्य निवडतात, पमे. पापडीवरून कोण निवडतं?"

ती म्हणाली, "कुणीच काही निवडत नाही. दुखणं निवडतं. ज्याला टॅक्स दुखतो तो टेक्सासला जातो. ज्याला एकटेपण दुखतं तो न्यू जर्सीला. ज्याचं जे दुखतं ते जिथे थांबेल, ते त्याचं राज्य."

मग अजितची नोकरी ॲरिझोनात लागली. त्या वसंतात दोघं तिकडे गेली आणि एका दुपारी तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मंदे, ऐक." पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग कट्ट असा स्वच्छ आवाज. "ऐकलंस? माझा चहा पिऊन होईस्तोवर वाळली!" मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आणि दुसरं ऐक... नाही, हे ऐकू येणार नाही. मूठ वळली गं माझी. पूर्ण. नखं तळहाताला लागतात." ती हसत होती की रडत होती, अजून मला ठरवता येत नाही.

परत आल्यावर तिनं सगळं सांगितलं. तिकडे म्हणे हिवाळा आला की उत्तरेकडचे म्हातारे-म्हाताऱ्या थव्यानं उतरतात. वृद्धांच्या आख्ख्या वसाहती आहेत, सकाळी काठ्या टेकत फिरणारी माणसं भेटतात आणि कुठून आलात असं विचारण्याऐवजी काय दुखतं असं विचारतात. उन्हाळ्यात भट्टी पेटते, मान्य. "मी सोलापूरची आहे," ती म्हणाली, "मला भट्टीचं काय सांगता." मी नाक मुरडून विचारलं, "पण आहे काय गं तिथे? निवडुंग!" तर म्हणते, "आणि इथे काय आहे? शेवाळ."

तिनं तिथे गहू भिजवले होते. कित्येक वर्षांनी स्वतःच्या हातानं सोऱ्या फिरवून कुरडया पाडल्या होत्या, डबाभर. आणि तो डबा ती तिथेच ठेवून आली होती. मी म्हटलं, "चार आणायच्यास की माझ्यासाठी." तर म्हणाली, "छे. गावाकडे एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा तो डबा. अजितला सांगितलंय, हात लावायचा नाही. मी कायमची आले की तळायच्या. रुमाल टाकून आलेय मी ॲरिझोनावर."

एसटीत रुमाल टाकला, की माणूस चढेपर्यंत गाडी थांबते, अशी आपली एक समजूत असते.

त्याच हिवाळ्यात माधवरावांच्या किडन्यांनी दगा दिला. इथे हॉस्पिटलची गाडी दाराशी येऊन त्यांना डायलिसिसला न्यायची, परत आणून सोडायची. त्या वयात, ते दुखणं घेऊन अमेरिकेत गेलं तर विमा कोण देणार? बोलायचं काही कारणच नव्हतं. ती बोललीही नाही. हिवाळ्यामागून हिवाळे तिनं त्या गाडीची वाट बघत काढले. खिडकीत उभी, हात काखेत. माधवराव एकदा मला म्हणाले, "मंदाताई, मी हिची गाडी अडवून बसलोय हो." मी म्हटलं, "काहीतरीच काय, लव्हली आहे सगळं." अशी मी. आयुष्यभर शब्द जमवले आणि हवा होता तेव्हा एक सापडला नाही.

ते गेले. दिवस झाल्यावर ती माझ्या किचनमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "मी जाते आता." त्या आवाजात उत्साह नव्हता, घाई होती. अजित तिकडचा नागरिक झाला होता, त्यामुळे आईला बोलवता येणार होतं. कागद गेले, मुलाखत झाली, होकार आला. तिनं घर विकायला काढलं, लोकरीची शाल मला दिली, जाड कोट चॅरिटी शॉपला. त्या दिवशी आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. स्टॅनमोरच्या स्टेशनसमोर रिमझिम पावसात ही बया बिनकोटाची उभी, "मला काय करायचाय कोट!"

खोकला त्या सुमाराला सुरू झाला. सगळ्यांनाच असतो इथे, कोण लक्ष देतं? पण जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली. संधिवात फुप्फुसांत उतरला होता. कन्सल्टंटनं विमानप्रवासाला नाही म्हटलं. वरची हवा तिला पुरणार नव्हती. आमच्या ह्यांनी एडिनबराच्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला रिपोर्ट पाठवले. तिथूनही तेच उत्तर. मी सांगायला गेले तर पमी शांतपणे म्हणाली, "मग बोटीनं जाते."

"अगं, ॲरिझोनाला समुद्र नाही."

"समुद्र संपला की उतरून चालत जाईन."

ती थट्टा करत नव्हती. तिनं बोटींच्या कंपन्यांना फोन केले. दिवसेंदिवस फोनवर, श्वास घेत, थांबत, पुन्हा सांगत. विमा नाही म्हणून कुणी तिकीट देईना. अजित येऊन आठ दिवस राहून गेला, आईला कसं न्यायचं हे शोधत. जाताना त्याचा चेहरा मी पाहिलाय, तो कुठल्या आईला दिसू नये. तो गेला त्या दिवशी तिनं आपल्या वाकड्या बोटांनी माझं मनगट धरलं. "मंदे, तू मला ने. वाटेत मेले तर मेले. निदान तिकडे तोंड करून मेले असं होईल." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आधी सूप पी, निवतंय." ती निमूटपणे सूप प्यायली.

जानेवारीत एकदा किल्लीनं दार उघडून आत गेले तर घरभर कोरडी धग. किचनमध्ये पमी खुर्चीवर बसलेली, समोर गॅसच्या ओव्हनचं दार सताड उघडं, बटण दोनच्या आकड्यावर, दोन्ही हात आत धरलेले. डोळे मिटलेले. माझा जीवच गेला. मी ओरडले, "पमे, अगं काय करतेयस!" तिनं डोळे न उघडता सांगितलं, "ॲरिझोना. गॅस मार्क दोन. ये, खुर्ची घे." मी तिला आणखी रागावणार होते, पण खुर्ची घेतली. आम्ही दोघी म्हाताऱ्या रिकाम्या ओव्हनसमोर शेकोटीला बसावं तशा बसलो. ती मधूनमधून मूठ वळून बघत होती. अर्धीच वळत होती. "आज ढगाळ आहे तिकडे," ती म्हणाली.

मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. बसवणाऱ्या माणसानं बजावलं, जवळपास ज्योत नको, गॅस पेटवायचा नाही. तो गेल्यावर तिनं ओव्हनकडे बघितलं. "घ्या," म्हणाली. "हवा आली आणि ॲरिझोना बंद झालं." त्यानंतर तिनं त्या राज्याचं नाव काढलं नाही. जिनं मला चाळीस वर्षं चिडवलं, ती मला चिडवायचीही थांबली. मला भीती वाटली ती त्याची.

शेवटची भेट हॉस्पिटलातली. तिला मास्क लावलेला, बोलायला तो बाजूला करावा लागे. मी कोट काढून बसले तशी तिनं हळूच विचारलं, "बाहेर ऊन आहे?"

"आहे ना," मी म्हटलं. "छान पडलंय."

तिनं डोळे तिरपे केले. "खोटारडी. छत्री गळतेय तुझी."

मी खाली पाहिलं. माझ्या पायापाशी केवढं तळं साचलं होतं! ती हसली, हसण्यातून खोकला उठला, सिस्टर धावत आली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. नंतर आत गेले तेव्हा तिला झोप लागली होती. हात चादरीवर होते, अर्धवट मिटलेले, काही धरता धरता राहून गेल्यासारखे...

अजित आला. क्रिमेटोरियममध्ये आम्ही मोजकी माणसं होतो. दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला आणि बॅगेतून स्टीलचा एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. हा मुलगा इथेच वाढला, त्याच्या मराठीत लिंगं कायम भांडत असतात आणि मी कायम सुधारत असते. "मावशी, ही डबा तुमच्यासाठी. आई म्हणायची, ते कुरडई कुणी खायचा नाही, ती येणार, मग तळायचा. मी कधीच उघडला नाही." या वेळी मी काही सुधारलं नाही. त्याला जवळ घेतलं. तोही आता टकलू झालाय.

तो परत गेला. डबा राहिला. इतकी वर्षं झाली, तरी आत कुरडया पांढऱ्या, हलक्या, जाळीदार, एकीत एक अडकलेल्या. तिच्या स्वतःच्या मुठीनं पाडलेल्या शेवटच्या. आमचे हे म्हणाले, "तळ एक-दोन. तिला बरं वाटेल." मी तेल काढलं, कढई ठेवली आणि परत उचलून ठेवली. तळल्या म्हणजे ती आली नाही हे कबूल केलं. तिनं टाकलेला रुमाल मी कोण उचलणार?

पण स्टॅनमोरची हवा. डब्यातही शिरेल म्हणून मी तो एअरिंग कबर्डमध्ये ठेवलाय, टॉवेलांच्या मध्ये, टाकीला चिकटून. बाजूला तिचा पितळी सोऱ्या, अजितनं घर आवरताना मला दिलेला. नात आली की विचारते, "आजी, टॉवेलमध्ये हे काय आहे?" मी सांगते, "इट इज अ रिलिजस थिंग." आता हे मी थट्टेनं म्हणत नाही.

रोज सकाळी दार उघडते, एका कुरडईचं टोक कानापाशी धरून मोडते. कट्ट. तेवढा आवाज आला की दिवस ढकलता येतो. अशानं त्या संपतील हे मला कळतं, मी बी.ए. आहे, अगदीच मूर्ख नाही. काल सकाळी टोक मोडलं. वाकलं. पुन्हा एक घेतलं, तेही वाकलं. मी कान आणखी जवळ नेला, जसं काही आवाज झालाय आणि मलाच ऐकू आलं नाही...

खाली जाऊन मी हीटिंग पूर्ण वाढवलं. हे पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघायला लागले. "अगं मंदा, मे महिना आहे. बाहेर बघ तरी, चक्क ऊन पडलंय."

"पडू दे," मी म्हटलं. "ते आपल्या कामाचं नाही."